दूध संकलनाचे अ‍ॅप्लिकेशन नव्या लिनक्स सर्व्हरवर नेताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. निपाणी आणि चिक्कोडी भागातील दूध संकलन केंद्रांचे वेब अ‍ॅप्लिकेशन तुम्ही सांभाळता. ते सेंटओएस ७ (लिनक्स), अपाचे (वेब सर्व्हर), पीएचपी ५.४ (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि मारियाडीबी ५.५ (डेटाबेस) असलेल्या जुन्या सर्व्हरवर चालते आणि ते लिहिणारा प्रोग्रॅमर आता संस्थेत नाही. तुम्ही उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सचा नवा सर्व्हर भाड्याने घेतला आहे आणि विचारता आहात की फाइली कॉपी केल्या, डेटाबेसचा डंप (सर्व माहितीची एकत्र फाइल) चढवला आणि डोमेन नव्या पत्त्याकडे वळवले की काम संपते, की आणखी काही लागते.

आणखी पुष्कळ काही लागते, आणि तुम्ही सांगितलेली तीन कामे त्यातली सर्वांत सोपी आहेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या बिलिंगपासून खानापूर तालुक्यातील पतसंस्थांपर्यंत मी जी स्थलांतरे केली, त्यांत फाइल कॉपी झाली नाही म्हणून काम अडले, असे एकदाही घडले नाही. अडचण प्रत्येक वेळी तिथे आली, जिथे जुना सर्व्हर वर्षानुवर्षे एखादे काम मुकाट्याने करीत होता आणि ते कोणीही कुठे लिहून ठेवलेले नव्हते. त्यामुळे निम्मा वेळ नव्या सर्व्हरवर आणि निम्मा वेळ जुन्या सर्व्हरच्या अभ्यासावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सेंटओएस ७ च्या दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी बंद झाल्या, त्यामुळे हे काम टाळता येणार नाही. परंतु ते एका रात्रीत उरकण्याचीही गरज नाही. दोन्ही सर्व्हर महिना-दीड महिना शेजारी-शेजारी चालू ठेवा. त्या काळातले जादा भाडे हा या कामातला सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च ठरतो.

जुन्या सर्व्हरचा अभ्यास क्रॉनपासून, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेपासून, सुरू करावा. केवळ रूटचा (मुख्य प्रशासकाचा) क्रॉनटॅब, म्हणजे त्या कामांची यादी, पाहून थांबू नये. प्रत्येक वापरकर्त्याचा क्रॉनटॅब, ईटीसीखालची क्रॉनची सर्व फोल्डरे आणि सर्व्हर सुरू होताना चालणारी आरसी-लोकल फाइल उघडून पाहावी. नंतर कोणकोणते पोर्ट (जोडणीची दारे) उघडे आहेत आणि त्यांवर कोणता प्रोग्रॅम बसला आहे, हे एसएस कमांडने पाहून लिहून काढावे. नाव आणि पत्ता यांच्या जोड्या ठेवणाऱ्या होस्ट्स फाइलीत कोणी हाताने एखादी ओळ घातली आहे का, फायरवॉलमध्ये कोणत्या पत्त्यांना मुद्दाम वाट दिली आहे, अपाचेच्या कॉन्फिगरेशनमध्ये मुख्य साइटखेरीज आणखी कोणती साइट दडली आहे, हेही पाहावे. मला एकदा अशी साइट सापडली होती की जिच्यावर वर्षातून केवळ एकदा, मार्चअखेरीस, लेखापरीक्षकांसाठीचा अहवाल निघत असे. त्या सर्व्हरचे नेहमीचे वापरकर्ते तिच्याबद्दल काही सांगू शकले नव्हते.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तुमच्या बाबतीत ती फार महत्त्वाची आहे. संकलन केंद्रावरचा संगणक तुमच्या सर्व्हरला डोमेनच्या नावाने हाक मारतो की थेट आयपी पत्त्याने? वजनकाटा आणि फॅट मशीन जोडून देणाऱ्या माणसाने त्या दिवशी डोमेन चालले नाही म्हणून आयपी पत्ताच घालून दिला, असे ग्रामीण केंद्रांवर सर्रास आढळते. हे घरबसल्या शोधता येते. अपाचेच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये साधारणपणे कोणी, केव्हा आणि कोणते पान मागितले एवढे उमटते. परंतु लॉगफॉरमॅटच्या ओळीत होस्ट हेडर आणि एसएसएल प्रोटोकॉल अशी दोन पदे वाढवली, तर कोण कोणत्या नावाने आले आणि कोणत्या आवृत्तीच्या टीएलएसने (जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीने) आले, हे प्रत्येक ओळीत दिसू लागते. दहा दिवस असा लॉग जमू द्या, म्हणजे एक संपूर्ण बिलचक्र त्यात येईल. आयपी पत्त्याने येणारी केंद्रे तर कळतीलच, पण ज्या केंद्रांवर अजून जुने विंडोज ७ आहे आणि जी टीएलएस १.० वरच बोलतात, तीही कळतील. उबुंटू २४.०४ मूळ मांडणीत टीएलएस १.० आणि १.१ स्वीकारत नाही, त्यामुळे अशी केंद्रे डोमेन वळवल्याच्या पहाटे आपोआप बंद पडतील आणि केंद्रचालकाला "कनेक्ट होत नाही" यापलीकडे काही सांगता येणार नाही. ती आधी ओळखून तेथील संगणक सुधारून घेणे हाच योग्य मार्ग आहे. नव्या सर्व्हरची सुरक्षा ढिली करून त्यांना आत घेणे मला मान्य नाही.

एसएमएस, पेमेंट आणि बँकेकडे जाणाऱ्या फाइली यांचाही याच टप्प्यावर विचार करावा. या सेवा देणाऱ्या कंपन्या बहुधा ठरावीक आयपी पत्त्यावरून आलेली मागणीच स्वीकारतात. नव्या पत्त्याची नोंद करून घ्यायला काही दिवस जातात, म्हणून अर्ज आधी द्यावा आणि त्यात जुना पत्ता काढू नये, नवा त्याच्या जोडीला घालावा, असे ठळकपणे लिहावे. सर्व्हरवरून ईमेल जात असेल तर डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (त्या डोमेनचे ईमेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्या यादीत) नवा पत्ता घालून ठेवावा आणि त्या पत्त्याची उलट नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडून करून घ्यावी.

आता कोडकडे वळू. उबुंटू २४.०४ मध्ये पीएचपी ८.३ येते. तुमचे कोड ५.४ च्या काळातले असल्यामुळे त्यात डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शने असणार, आणि ती पीएचपी ७.० पासून भाषेतून काढून टाकलेली आहेत. ती मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ या त्यांच्या जागी आलेल्या संचांत बदलावी लागतील. ही चूक निदान पहिल्याच पानावर एरर देऊन स्वतःची ओळख सांगते. जास्त भीती मुकाट्याने बदललेल्या वागणुकीची असते. पीएचपी ८.० पूर्वी रिकामी अक्षरमाला आणि शून्य यांची साधी तुलना केली तर ती समान ठरत असत, ८.० पासून ती असमान ठरतात. फॅटचा रकाना रिकामा आला तर "फॅट शून्य आहे, नोंद नाकारा" अशी जी अट जुन्या कोडमध्ये आजवर नीट चालत होती, ती नव्या पीएचपीवर रिकाम्या रकान्याला अडवणारच नाही. मारियाडीबीची गोष्ट याच्या उलट आहे. ५.५ मोठे नाव गुपचूप कापून घेत असे. नव्या सर्व्हरवरील १०.११ मूळ मांडणीतच कडक असते आणि तीच नोंद थेट नाकारते. नोंदीचे प्रत्येक पान उघडून त्यात मुद्दाम रिकामी, लांब आणि चुकीची माहिती भरून पाहण्याला पर्याय नाही.

यानंतरचा विषय आपल्या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या भेटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. तुमच्या डेटाबेसमध्ये सभासदांची नावे मराठीत आणि काही कन्नडमध्ये आहेत. जुन्या मारियाडीबीचा मूळ अक्षरसंच (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) युरोपीय भाषांसाठीचा लॅटिन१ होता, आणि जुने पीएचपी कोड डेटाबेसशी बोलताना बहुधा कोणताच अक्षरसंच सांगत नसे. वेब पान मात्र यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत असे. परिणामी ब्राउझरकडून आलेले यूटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे टेबलात जाऊन बसले आणि डेटाबेस त्यांना युरोपीय अक्षरे समजत राहिला. वाचताना तेच बाइट परत येत असल्यामुळे पडद्यावर नाव बरोबर दिसते आणि कोणाला शंका येत नाही. डंप घेताना मात्र मायएसक्यूएलडंप हा प्रोग्रॅम स्वतःहून यूटीएफ-८ मागतो, डेटाबेस त्या तथाकथित युरोपीय अक्षरांचे प्रामाणिकपणे रूपांतर करून देतो आणि नव्या सर्व्हरवर प्रत्येक नावाच्या जागी टोप्या-टिंबे लावलेल्या रोमन अक्षरांची रांग उभी राहते.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ज्याचे आडनाव "पाटील" आहे असा एक सभासद घ्या आणि डेटाबेसला त्या आडनावाची कॅरेक्टर-लेंग्थ (चिन्हांची संख्या) आणि लेंग्थ (बाइटची संख्या) अशी दोन्ही मापे विचारा. "पाटील" मध्ये युनिकोडची पाच चिन्हे आहेत: प, काना, ट, दीर्घ वेलांटी आणि ल. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि कन्नडचेही तसेच आहे. त्यामुळे साठवण योग्य असेल तर उत्तर ५ आणि १५ येईल. उत्तर १५ आणि १५ आले, तर टेबल लॅटिन१ चे असून आत यूटीएफ-८ चे बाइट आहेत. १५ आणि ३१ आले, तर टेबल यूटीएफ-८ चे आहे, पण नाव दोनदा रूपांतरित होऊन साठले आहे. ही कसोटी प्रत्येक टेबलावर स्वतंत्रपणे लावावी, कारण जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये निम्मी टेबले एका काळातली आणि निम्मी दुसऱ्या काळातली असतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराचा अर्थ वेगळा असला, तरी चुकीच्या दोन्ही प्रकारांवर उपाय एकच आहे. अशा टेबलांचा डंप घेताना डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेटच्या पर्यायाला लॅटिन१ हे मूल्य द्यावे आणि स्किप-सेट-चारसेट हा पर्यायही लावावा, म्हणजे मूळ बाइट न बदलता बाहेर पडतात. मग त्या फाइलीतील टेबल घडवणाऱ्या ओळींमध्ये अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधील पूर्ण यूटीएफ-८) असा बदलावा आणि फाइल नव्या सर्व्हरवर यूटीएफ८एमबी४ म्हणूनच चढवावी. जी टेबले ५ आणि १५ चे उत्तर देतात त्यांना ही मात्रा देऊ नये. त्यांचे देवनागरी लॅटिन१ मध्ये बसत नाही आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येते, जे नंतर कोणालाही उलटवता येत नाही. टेबले वेगवेगळी काढावीत आणि मूळ डंपची एक अस्पर्शित प्रत बाजूला ठेवावी.

हे करताना आणखी एक वैगुण्य वर येईल. समजा नावाचा रकाना पन्नास लांबीचा आहे आणि सभासदाचे नाव "ज्ञानेश्वर पांडुरंग पाटील" आहे. लॅटिन१ समजणाऱ्या टेबलात पन्नास म्हणजे पन्नास बाइट. "ज्ञानेश्वर" मध्ये दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. मधल्या जागेचा एक. उरलेल्या एकोणिसांत "पांडुर" एवढी सहा चिन्हे अठरा बाइटमध्ये बसतात आणि शेवटचा एक बाइट पुढच्या अनुस्वाराचा तुकडा म्हणून लोंबकळत राहतो. जुन्या सर्व्हरवर हा तुकडा कोणाच्या नजरेस आला नाही. फाइल कडक मांडणीत चढवली, तर नवा डेटाबेस मात्र ही ओळ अयोग्य अक्षर म्हणून नाकारतो आणि चढवण्याचे काम मध्येच थांबते. अशा वेळी कडकपणा बंद करून पुढे जाण्याचा मोह होतो, तो आवरावा. ज्या ज्या ओळींवर काम थांबते त्यांची यादी करावी आणि ती नावे सभासद नोंदवहीतून पूर्ण करून घ्यावीत. सभासदाचे नाव बिलावर अर्धे छापले जात होते, ही चूक दुरुस्त करण्याची ही एकमेव संधी असते.

हा अपवाद सोडला, तर स्थलांतराच्या काळात डेटा सुधारण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्या जिल्ह्याचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या पत्त्यांत एक नाव आणि नव्या पत्त्यांत दुसरे अशी सरमिसळ तुमच्याकडे नक्की असेल. कन्नड लिपीतले नाव तिसरे असेल. ती एकसारखी करण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु एखादा जुना अहवाल त्या शब्दावरच गट पाडत असेल, तर आकडे बदलतील आणि फरक स्थलांतरामुळे पडला की सुधारणेमुळे, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. दोन्ही सर्व्हरवरचे आकडे रुपया-पैशापर्यंत जुळणे हा तुमचा एकमेव पुरावा आहे. तो हातचा घालवू नका. साफसफाई नंतर महिन्याभराने करा.

वेळेचा घोटाळा मी दूध संस्थेतच प्रथम पाहिला. भाड्याने मिळणारा नवा सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, जी आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. कार्यालयीन कामकाजात ही चूक काही दिवस लपून राहते, पण आपल्याकडे दूध पहाटे घातले जाते. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी एखादी बाई केंद्रावर दूध घालते, तेव्हा यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा चाळीस झालेले असतात. दुपारी बारानंतरची नोंद म्हणजे संध्याकाळचे दूध, असा नियम कोडमध्ये असेल तर त्या बाईचे आजचे सकाळचे दूध कालच्या संध्याकाळच्या खात्यावर पडते, आणि काल संध्याकाळी तिने दूध घातलेले असल्यास दुसरी नोंद नाकारली जाते. साडेपाचनंतर येणाऱ्यांचे सर्व सुरळीत असते, त्यामुळे तक्रार करणाऱ्यावर कोणी विश्वासही ठेवत नाही. वेळ तीन ठिकाणी आशिया-कोलकाता अशी ठरवावी लागते: सर्व्हरवर टाइमडेटसीटीएल कमांडने, पीएचपीमध्ये आणि मारियाडीबीमध्ये. उबुंटूवर पीएचपीच्या वेब आणि कमांड-लाइन अशा दोन स्वतंत्र आयएनआय (सेटिंगच्या) फाइली असतात. वेबची बदलली आणि दुसरी राहिली, तर पडद्यावरची वेळ बरोबर आणि क्रॉनमधून निघणारे बिल चुकीचे, अशी विचित्र अवस्था होते. सर्व्हरची वेळ बदलल्यावर मारियाडीबी आणि क्रॉन दोन्ही रीस्टार्ट करावेत, कारण चालू असलेली प्रक्रिया जुनीच वेळ धरून बसते.

बिलांची पीडीएफ सर्व्हरवरच तयार होत असेल, तर नव्या सर्व्हरवर देवनागरी आणि कन्नड फॉन्ट आहेत का, हे एफसी-लिस्ट कमांडने पाहा. ते नसतील तर सभासदांच्या नावाच्या जागी चौकोन छापले जातील. चौकोन निदान लगेच दिसतात. अक्षरजोडणी करू न शकणाऱ्या पीडीएफ लायब्ररीचा दोष अधिक फसवा असतो. "निपाणी" तली पहिली वेलांटी न च्या आधी न येता नंतर येते, "चिक्कोडी" तला क्क सुटा पडतो आणि घाईत पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. दोन्ही भाषांतले प्रत्येकी एक बिल कागदावर छापून, ती भाषा वाचणाऱ्या माणसाच्या हाती द्यावे.

फाइलींबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने आणाव्यात, आठवडाभर आधी एकदा आणि शेवटच्या रात्री पुन्हा, म्हणजे दुसऱ्या वेळी बदललेल्या तेवढ्याच येतात. मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ असणे-नसणे याने अर्थ बदलतो, म्हणून आधी कोरडी चाचणी (प्रत्यक्ष काही कॉपी न करता) घ्यावी. सेंटओएसवर वेब सर्व्हरचा वापरकर्ता अपाचे या नावाचा असतो आणि उबुंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, त्यामुळे अपलोडच्या फोल्डरांची मालकी बदलावी लागते. लेट्स एन्क्रिप्टची (साइटची जोडणी सुरक्षित करणारी) प्रमाणपत्रे आणताना त्यातील सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) लिंक म्हणूनच यायला हव्यात. त्यांच्या जागी साध्या फाइली झाल्या तर साइट चालते, पण पुढचे नूतनीकरण अडते.

नवा सर्व्हर तयार होत असताना त्याचा क्रॉन बंद ठेवा आणि त्याला एसएमएसची गुप्त किल्ली देऊ नका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. खानापूर भागातील एका पतसंस्थेच्या कामात चाचणीसाठी आणलेल्या पूर्ण प्रतीत क्रॉन चालू राहिला आणि सकाळी नऊ वाजता थकीत हप्त्याची आठवण देणारा संदेश प्रत्येक कर्जदाराला दोनदा गेला, एक जुन्या सर्व्हरवरून आणि एक माझ्या चाचणीच्या सर्व्हरवरून. त्यातल्या काहींनी आदल्याच दिवशी हप्ता भरला होता आणि माझ्या जुन्या प्रतीला ते माहीत नव्हते. ज्यांनी वेळेवर पैसे भरले त्यांना थकबाकीदार म्हटले गेले, याचे मला अजून वाईट वाटते. व्यवस्थापकांसोबत बसून मी त्या सर्वांना फोन केले. तेव्हापासून चाचणी सर्व्हरवरून बाहेर जाणारी वाट मी फायरवॉलमध्येच अडवतो.

दिवस निवडताना बिलचक्र पाहा. दहा दिवसांचे बिल १, ११ आणि २१ तारखेला निघत असेल, तर चार ते सहा तारखेच्या मधली रात्र योग्य, कारण पुढच्या बिलापूर्वी चुका सापडायला चार-पाच दिवस मिळतात. दसरा-दिवाळीच्या बोनसचा काळ आणि मार्चअखेर टाळा. डोमेनच्या नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ धरून ठेवायची तो काळ) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. तो ८६४०० असेल तर आयत्या वेळी कमी करून उपयोग नाही, कारण जुनी नोंद घेतलेले सर्व्हर ती दिवसभर धरून ठेवतात. डोमेनला आयपीव्ही६ ची (नव्या प्रकारच्या आयपी पत्त्याची) नोंद असेल तर तीही बदलायची आहे, हे यादीत लिहा.

त्या रात्रीची रंगीत तालीम निदान दोनदा करा, घड्याळ लावून. डंप काढायला किती मिनिटे, चढवायला किती, तपासायला किती, हे कागदावर असू द्या. स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलीत डोमेनसमोर नव्या सर्व्हरचा पत्ता लिहिला, की जगाला जुना सर्व्हर दिसत असताना तुम्हाला नवा दिसतो. तसाच केंद्रचालकांपैकी एखाद्या जाणत्या माणसालाही दाखवा. तालमीच्या शेवटी नवा सर्व्हर रीबूट करा. हाताने सुरू केलेली आणि एनेबल करायची (आपोआप सुरू होईल अशी लावायची) राहिलेली सेवा रीबूटनंतरच उघडी पडते.

प्रत्यक्ष रात्री संध्याकाळच्या संकलनाची शेवटची नोंद झाल्यावर, साधारण साडेनऊला, जुन्या सर्व्हरवर "काम चालू आहे" असे पान लावा आणि क्रॉन थांबवा. पान लावणे पुरेसे नाही. अ‍ॅप्लिकेशनच्या डेटाबेस वापरकर्त्याचा लिहिण्याचा अधिकारच काढून घ्या, म्हणजे कोणत्याही आडवाटेने नोंद शिरणार नाही. सर्व कमांडी टीमक्समध्ये चालवा. आपल्याकडे पावसात लाईन केव्हा जाईल याचा नेम नसतो. टीमक्समध्ये चाललेले काम तुमचे कनेक्शन तुटले तरी सर्व्हरवर चालू राहते. चढवून झाल्यावर प्रत्येक टेबलातील ओळींची संख्या, गेल्या महिन्याचे एकूण लिटर, पशुखाद्य आणि अ‍ॅडव्हान्सच्या वजावटींची बेरीज, हे दोन्हीकडे काढून जुळवा. मग दहा सभासदांचे मागचे बिल दोन्ही सर्व्हरवर काढून शेजारी ठेवा, आणि त्यात एखादा सभासद वजावट असलेला, एखादा कन्नड नावाचा आणि एखादा सीमेपलीकडच्या कागल किंवा गडहिंग्लज तालुक्यातला जरूर घ्या. हे सर्व जुळल्यानंतरच डोमेन वळवा आणि जुन्या सर्व्हरच्या अपाचेला प्रॉक्सी करून येणारी प्रत्येक मागणी नव्याकडे पाठवायला लावा. यामुळे ज्यांच्याकडे जुनी डीएनएस नोंद (डोमेनचा जुना पत्ता) अडकली आहे किंवा जे आयपी पत्त्याने येतात, तेही नव्याच डेटाबेसवर पोहोचतात. सेंटओएसवर त्यासाठी एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेतील अपाचेला बाहेर जोडणी करू देणारी परवानगी उघडावी लागते; एरवी ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हा एरर दिसतो आणि कारण लवकर सापडत नाही.

परतीची वेळ आधीच ठरवून ठेवा. पहिले दूध पावणेपाचला येत असेल, तर साडेतीन ही तुमची सीमा. साडेतीनपर्यंत सर्व आकडे जुळले नाहीत, तर काही ओढाताण न करता डेटाबेसचा अधिकार परत द्या, क्रॉन सुरू करा, पान काढा आणि जुन्या सर्व्हरवरच सकाळ होऊ द्या. एक रात्र गेली, बाकी काही बिघडले नाही. पहिली नोंद नव्या सर्व्हरवर पडल्यानंतर मात्र मागे फिरणे म्हणजे त्या सकाळचे दूध हरवणे. त्यानंतर जे काही निघेल ते नव्या सर्व्हरवरच दुरुस्त करायचे, हे संस्थेच्या अध्यक्षांना आणि सचिवांना आदल्या दिवशी समजावून सांगा. पहाटे तीनला थकलेल्या माणसाने हा निर्णय घेऊ नये. तो दुपारी, शांतपणे, लेखी घेतलेला असावा. त्या सकाळी प्रत्येक केंद्रचालकाकडे कोरी वही आणि तुमचा फोन नंबर असू द्या, म्हणजे यंत्रणा अडली तरी दूध परत जाणार नाही.

पुढचे बिल निघेपर्यंत काम संपले असे धरू नका. ११ तारखेचे बिल निघण्याआधी त्याची एक चाचणी प्रत काढा आणि चार केंद्रांच्या हातच्या वहीशी ताडून पाहा. जुन्या सर्व्हरच्या प्रॉक्सी लॉगमध्ये कोण अजून येते आहे, हे रोज पाहा. यादी रिकामी होईपर्यंत केंद्रांना एकेक करून दुरुस्त करा. पूर्ण एक महिना आणि तीन बिले गेल्यावर जुन्या सर्व्हरचा शेवटचा बॅकअप घ्या, तो तिसऱ्याच एखाद्या संगणकावर उघडून त्यात "पाटील" वाचता येते का ते पाहा, एसएमएस आणि पेमेंटच्या कंपन्यांना जुना पत्ता काढायला सांगा आणि मगच त्या सर्व्हरचे भाडे बंद करा.